पास्कीनमायच्या एकशेवीस टोपल्या

खाडीवर पूल नव्हता, त्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या भाटीपाड्यात पास्कीनमाय नावाची बाई बांबूच्या टोपल्या विणायची. तिच्या टोपलीत पाणीसुद्धा राहायचं, असं म्हणतात. मी काही ओतून पाहिलेलं नाही. पण तिची जीभ तिच्या कोयत्याहून धारदार होती, हे मात्र सगळे शपथेवर सांगतात.

एका वर्षी नाताळाच्या तोंडावर वादळ आलं आणि खाडीपलीकडच्या नऊ कोळी घरांच्या नऊ होड्या घेऊन गेलं. माणसं वाचली, पण चुली विझल्या. त्यातल्या रेजिनच्या मांडीवर बारा दिवसांचं मूल होतं. आईच्याच पोटात काही नाही, तर त्याला दूध कुठून मिळणार?

पास्कीनमायनं पाड्यातल्या बायका जमवल्या. तांदूळ, गूळ, नारळ, करंज्या घालून नऊ टोपल्या भरल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण आमचा पाडा पडला हौशी, बँडशिवाय इथे बारसंही होत नाही. ओहोटी लागल्यावर टोपल्या डोक्यावर घेऊन, चिखल तुडवत, वाजतगाजत वरात पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ टोपल्या चर्चच्या पायरीवर परत आलेल्या. वर झाकलेलं केळीचं पानही हललेलं नव्हतं. पास्कीनमाय तणतणत रेजिनकडे गेली.

रेजिन म्हणाली, “माय, आमची जाळी फाटली, हात न्हाय फाटले. माझी भूक तू बँड लावून मिरवलीस.”

पास्कीनमाय आल्या पावली परत फिरली. घरी येऊन ती ढसाढसा रडली. आणि मग तिनं कोयता उचलला.

नाताळाला तीनच दिवस उरले होते. पलीकडची नऊ धरून घरं एकशेवीस. तिनं दवंडी दिली, “घरटी एक टोपली भरायची, घरटी एक टोपली घ्यायची. कुणाची कुणाला जाईल, ते माझं मी बघेन. विचारील त्याच्या डोक्यावर टोपली उलटी घालीन.” ती विणायला बसली. तिनं बांबू तोडावा आणि वळून पाहावं तर बेटात तेवढेच बांबू उभे, असं म्हणतात.

नाताळाच्या आदल्या सकाळी ती रिकामी टोपली घेऊन रेजिनच्या दारात उभी राहिली.

“आज द्यायला न्हाय आले, मागायला आले. तुझ्या घरची टोपली भर.”

रेजिननं घरभर पाहिलं. मग आढ्याला टांगलेले शेवटचे पाच सुके बोंबील काढले, मूठभर मीठ घातलं आणि ताठ मानेनं टोपली पुढे केली.

दुपारी चर्चच्या अंगणात एकशेवीस टोपल्या आल्या. पास्कीनमायनं एकेक हातानं तोलून पाहिली. सगळ्यात जड नऊ बाजूला ठेवल्या आणि बाकीच्या बायकांनी दारोदार पोचवल्या. तोवर भरती आली होती आणि पलीकडे जायला एकही होडी नव्हती. “या गं,” म्हणत तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय टाकला. मागून आठजणी आल्या. नऊ होड्या गिळणारी खाडी त्या नऊ बायकांना गुडघ्याएवढीच लागली, असं म्हणतात. कुणी घोट्याएवढी म्हणतं, ते सांगणाऱ्याच्या उंचीवर आहे.

रेजिननं दोन्ही हातांनी टोपली घेतली. “कुणाची गं ही?”

“तुझी कुणी खाल्ली, सांगितलं का मी तुला?”

रेजिन खदखदून हसली आणि पोटभर जेवली. नाताळाच्या घंटा झाल्या तेव्हा तिचं मूल दूध पिऊन ढेकर देत होतं. इकडे पाटलांच्या घरी बोंबलाच्या चटणीवरून भावाभावांत भांडण लागलं होतं. इतकी चविष्ट टोपली कुठल्या श्रीमंताची, याचा तपास पाटील मरेपर्यंत करत होते.

आजही भाटीपाड्यात नाताळाआधी घरोघर पास्कीनमायची टोपली फिरते. आता पोरं-पोरी टेम्पोतून पोचवतात, पण तोलून पाहायला एक जाणती बाई लागतेच, आणि त्या दिवशी बँडवाल्यांना सुट्टी असते. मागे शहरातून काही भली माणसं मदतीची खोकी घेऊन आली. हातात कागद, पेन. म्हणाली, “गावातल्या गरजू घरांची नावं सांगा.”

चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि म्हणाला, “लिवा. एकशेवीस.”