विणकरणीची अखंड संख्या

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि शिळा ऐकत, मृगावती नावाची विणकरीण राहत होती. तिचा भाऊ सोमदत्त राजाचा गणिती. एके दिवशी भंजक नावाचा मायावी दरबारात आला. त्याने राजाला पाषाण केले, काळी शिळा रोवली आणि तीन अटी घातल्या.

"हिच्यावर आठ अंकी संख्या लिहा. ती अखंड असो. एकेक सुटे केल्यावाचून तिचे सारखे वाटे पडू नयेत. मी शेवटचा अंक खोडत जाईन, एकच उरेपर्यंत. दर खेपेस उरेल तीही अखंड असो. राजा उठेल. पण भंगणारी संख्या जो लिहील, तो पाषाण होईल. हा शिळेचा नियम आहे."

पंडितांनी थोरथोर संख्या लिहिल्या. दोन अंक खोडताच त्या भंगल्या. सोमदत्तही दगड झाला. तेव्हा मृगावतीने डोळे पुसले आणि राजवाड्यातली साळुंकी मागून घेतली. ही साळुंकी कोणत्याही संख्येचे वाटे क्षणात सांगे आणि खोटे बोलत नसे.

पंडित शेंड्यावरून शोधत होते. मृगावतीला मागावरचे काम ठाऊक होते: आधीची ओळ पक्की झाल्यावाचून पुढची घालायची नाही. तिने सात मांडला. पुढे तीन ठेवला.

"त्र्याहत्तर भंगते का?"

"नाही," साळुंकी म्हणाली.

पुढे नऊ. सातशे एकोणचाळीसही भंगेना. कित्येक वाटा मध्येच तुटल्या. तेवढे उसवून ती मागे आली, पुन्हा बसली. एकविसाव्या दिवशी ती दरबारात गेली आणि ताठ मानेने शिळेवर लिहिले: ७,३९,३९,१३३.

भंजकाने तीन खोडला, पुन्हा तीन खोडला, मग एक. दर खेपेस साळुंकी म्हणे, "अखंड." अखेर एकटा सात उरला, तोही अखंड.

"राजाला सोडा," मृगावती म्हणाली.

"आधी हिला नववा अंक जोड."

"जोडता येत नाही. दहाही अंक लावून पाहिले, दहाही वेळा भंगली. ही इथे पूर्ण होते."

"एका विणकरणीला जमले नाही म्हणून मला जमणार नाही?" भंजक कडाडला. त्याने संख्या पुन्हा लिहिली आणि शेवटी सात ओढला.

"नऊ सारखे वाटे पडले," साळुंकी म्हणाली.

भंजक बोट उगारलेल्या जागीच दगड झाला. त्याची माया सुटली, राजा सिंहासनावर जागा झाला, पंडित जागे झाले. सोमदत्ताने डोळे चोळले.

"ताई, कोणत्या पंडिताने सोडवले?"

मृगावतीचा ऊर भरून आला. भरल्या दरबारात, एकही अंक न चुकता, ती म्हणाली, "सात कोटी एकोणचाळीस लक्ष एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मी सोडवले." राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला, आणि मग सारा दरबार उभा राहिला.