गुंडूबाबांचं नाक

“मग ह्या सात कुंड्यांतली कुठली ठेवू, तेवढं सांगा बाबा.”

“मी कसा सांगू? मला वास येत न्हाई.”

उदयनला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टेची खोड गुंडूबाबांना होतीच. पण आजऱ्याच्या जंगलात तीस वर्षं गार्ड म्हणून काढलेल्या ह्या माणसाच्या नाकाची ख्याती मोठी. झाडाखाली डोळे मिटून उभं राहायचं आणि वर कुठल्या फांदीवर कुठली आमरी फुललीय ते सांगायचं. शहरातले लोक जिला ऑर्किड म्हणतात ती ही आमरी. कॉलेजात असताना उदयन तीन पावसाळे ह्याच नाकामागून हिंडला होता.

“खरं सांगताय?”

“दोन वर्सांमागं ताप आला. गेला, तो जाताना नाक घेऊन गेला. आता मला शेण काय नि शेवंती काय, सारखंच.”

उदयन मटकन पायरीवर बसला.

नऊ वर्षांपूर्वी बाबांनीच आगकाडीच्या टोकानं एका आमरीचे पराग दुसरीला लावले होते. शेंग धरली, ती उदयननं आपल्या प्रयोगशाळेत नेली. आमरीचं बी पिठाच्या धुळीएवढं; मातीत टाकलं तर वायाच जायचं. त्यानं ते बाटलीतल्या जेलीवर पेरलं, रोपं बाटलीतच वाढवली, मग बाहेरच्या हवेला काढली. निम्मी मेली. उरलेली ह्या उन्हाळ्यात पहिल्यांदा फुलली, त्यांतल्या सात कुंड्या तो जीपमधून घेऊन आला होता.

एकीचीच पुढे हजारो रोपं करायची होती. बाकीच्या सहा ह्याच आठवड्यात उपटायच्या, कारण फळीवर पुढच्या रोपांना जागा हवी होती. एका शेंगेतली दोन रोपं कधी सारखी निघत नाहीत. चुकीची उपटली गेली, तर ती जगातूनच गेली. म्हणून तर तो इतक्या लांब आला होता.

“तसा माझ्याकडे अहवाल आहे,” तो जरा ताठ होत म्हणाला. “यंत्रानं मोजलंय सगळं. पाचव्या कुंडीचा पहिला नंबर आहे. तिच्यात लिनालूल सगळ्यात जास्त.”

“लिनालूल? कुठल्या गावची?”

“बाबा, सुगंधी द्रव्य आहे ते.”

“असंल. मला न्हाई कळत. तू हुंग आणि मला सांग. डॉक्टर झालास म्हणून नाक तर गेलं न्हाई न्हवं?”

उदयन हसला, पण आतून चपापला. फुलं आल्यापासून त्यानं एकाही फुलाला नाक लावलं नव्हतं. ते काम यंत्राचं होतं. त्याला लाज वाटली आणि ती त्यानं म्हाताऱ्याला दिसू दिली नाही.

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. वास सुटायची हीच वेळ. तो पहिल्या कुंडीवर वाकला.

“लिंबाच्या सालीचा. जरा गोडसर.”

बाबांनी डोळे मिटून मान हलवली.

“हिचा भाजत्या बेसनाचा. तूप पडायच्या आधीचा.”

“म्हंजे कोरडा.”

“कोरडा. आणि ही तिसरी... साबण.”

“अंगाचा का कापडाचा?”

“अंगाचा. महागातला.”

दोघंही हसले. उदयनला आता मजा येऊ लागली. आपल्याला इतकं नेमकं बोलता येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चौथी कुंडी त्यानं केवळ सहाच नेणं बरं दिसत नाही म्हणून आणली होती. फूल लहान, एक पाकळी वाकडी, पानाचं टोक उन्हानं करपलेलं. तो वाकला.

“हिचा...”

“बोल.”

“हिचा...”

तो पुन्हा वाकला. बराच वेळ तसाच राहिला. बाबांनी घाई केली नाही. तो सरळ झाला तेव्हा त्याला गलबलून आलं होतं, आणि का, ते त्याला कळेना.

“राहू दे,” तो म्हणाला. “पुढची बघू.”

पुढची पाचवी, म्हणजे पहिल्या नंबराची. तिच्याबद्दल तो भरभरून बोलला. आधी वेलदोडा, मागून लवंग, शेवटी ओल्या खोबऱ्याचा गोडवा. सहावी फणसाच्या गऱ्यासारखी. सातवीला मध आणि थोडी सुंठ. एवढं सांगून त्यानं हात झटकले. परीक्षा चांगली गेली होती.

“मग पाचवीच,” तो म्हणाला. “अहवालही तेच म्हणतोय.”

बाबा पायरीवर जाऊन बसले.

उदयननं पाचवी कुंडी जीपच्या पुढच्या सीटवर नीट टेकवून ठेवली. उपटायच्या कुंड्या मागं टाकायला लागला. चौथी उचलताना त्याचा हात घुटमळला. नऊ वर्षं जगवलेलं झाड, वाईट तर वाटणारच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

“हिच्याबद्दल मला काहीच सांगता आलं नाही, बाबा.”

म्हातारा पायरीवरून उठला. जीपपर्यंत चालत आला आणि त्यानं उदयनचं मनगट धरलं.

“सहांचं सांगून झालं, त्या उपट. हिचं राहिलंय... ही ठेव.”