पाद्रीसाहेबांची शंका

गोऱ्या पलटणीचे पाद्री हॅरोबीसाहेब मराठी शिकत, ते मुख्यत्वे मराठी माणसाला हिणवण्यासाठी. एकदा मराठी जाणणाऱ्या कर्नलसाहेबांसमोर त्यांनी आपले मुनशी त्रिंबकपंत यांना उभे केले.

"पंत, तुमचा खंडोबा देव असून तलवार बाळगतो. त्याला भय कुणाचे? पटेल असे सांगा, नाहीतर उद्यापासून शिकवणीला येऊ नका."

घरात खाणारी तोंडे सात होती. तरीही पंतांनी शांतपणे उपरणे सावरले.

"साहेब, आम्ही देवळात रिकाम्या हातांनी जातो. आपली पलटण मात्र दर रविवारी बंदुका घेऊन चर्चमध्ये बसते. तिला भय कुणाचे, ते आपण सांगा. मग खंडोबाचे मी सांगतो."

बंदुकांचा हुकूम खुद्द कर्नलसाहेबांचा होता. तेही आता उत्तरासाठी पाद्रींच्या तोंडाकडे पाहू लागले.

पाद्रीसाहेब जरा खोकले. "पंत, उद्या नेहमीच्या वेळी या."