क्विंटलभर सिद्रामची सायकल

एका शहरात, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या एका पेठेत, एक भोळा वॉचमन राहत होता. नाव सिद्राम. अंगाने असा भरलेला, की तो बसला की रिक्षावाला दुसरी सवारी घेतच नसे. मनाने मात्र साधा. सांगितलेलं तो कधी मोडत नसे, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

तो टॉवेलच्या कारखान्यावर पहारा करायचा. कारखाना घरामागेच होता, तोवर सगळं ठीक होतं. पण मालकांनी नवी शेड बांधली ती पार शहराबाहेर. तिकडे बस जात नाही. मालक म्हणाले, "सिद्राम, सोमवारी शेडची पूजा आहे. सकाळी सातला गेटवर दिसलास तर नोकरी तुझी. नाही दिसलास तर दुसरा माणूस तयार आहे."

सिद्रामला रात्रभर झोप आली नाही. त्याची बायको महानंदा म्हणाली, "सायकल घ्या की. मजबूत बघा, स्वस्त बघा. आणि वाजवून घ्या. मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो."

सिद्रामने खलातला बत्ता पिशवीत टाकला आणि नदाफचाचांच्या सायकलच्या दुकानात गेला. पहिल्याच सायकलीच्या दांडीवर बत्ता हाणला. ठण्ण. मडगार्डवर हाणला. खण्ण. मग दिव्यावर हाणला. खळ्ळ.

"हे काय केलंस?" चाचा म्हणाले.

"वाजवून बघितली. दिवा कच्चा निघाला."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे, सायकल वाजवत नसतात. मागचं चाक उचलायचं आणि गरागरा फिरवायचं. डुगलं नाही तर सायकल चांगली. आज जा तू, माझं डोकं फिरलंय."

"बरं," सिद्राम म्हणाला. "आता नाही चुकणार."

दुसऱ्या दिवशी महानंदा म्हणाली, "इराप्पा गवळी सायकल विकतोय म्हणे. दोन कॅन दूध नेते ती. तुम्हालाही नेईल." बाई शहाणी होती. सल्ला अगदी बरोबर होता. सिद्राम चौकात गेला. इराप्पा टपरीवर चहा पीत होता आणि सायकल झाडाला टेकवलेली होती, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. सिद्रामने मागचं चाक उचललं आणि गरागरा फिरवलं. त्या दिवशी पेठेतल्या कुत्र्यांची दिवाळी झाली.

"चाक डुगत नाही," सिद्राम म्हणाला.

इराप्पा रडकुंडीला आला. "आरं, आधी वरचं ओझं खाली उतरव की! मग सायकलीला हात लाव."

"बरं. आता नाही चुकणार."

तिसऱ्या दिवशी कळलं, की बिराजदार मास्तरांनाही सायकल विकायची आहे. मास्तर रिटायर झालेले, हिशेबी, वस्तू जपणारे. सायकल कशी चालते ते दाखवायला मास्तर स्वतः गल्लीतून एक फेरी मारून आले आणि ऐटीत सिद्रामसमोर थांबले. सिद्रामने त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं आणि ओट्यावर ठेवून दिलं.

"हे काय?" मास्तर थरथरत म्हणाले.

"ओझं उतरवलं."

मास्तरांच्या सुनांनी हे मनात कैकदा म्हटलं असेल, पण तोंडावर अजून कोणी म्हटलं नव्हतं. मास्तर भडकले. "अक्कलशून्या, समोरच्याला आधी नमस्कार करावा. नाव विचारावं. परवानगी घ्यावी. मग काय ते करावं. चालता हो."

"बरं. आता नाही चुकणार."

शनिवार उजाडला. सिद्राम मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या शोरूममध्ये शिरला आणि पहिल्याच सायकलीपुढे हात जोडून उभा राहिला. "नमस्कार. आपलं नाव?"

दुसरीकडे लोक हसले असते. पण शोरूममध्ये सायकलींना नावं असतात आणि गिऱ्हाइकांना टोकन नंबर. विकणारा टायवाला धावत आला. "हिचं नाव वादळ-सातशे, सर. एकवीस गिअर."

"मला पेलेल?"

"एकवीस गिअर आहेत, सर."

"मडगार्ड?"

"नाही."

"कॅरियर, स्टँड?"

"काहीच नाही, सर. म्हणून तर महाग आहे."

सिद्रामला ते पटलं नाही, पण मोठ्या दुकानात उलट बोलायची त्याला भीती वाटत असे. तो सायकलीकडे वळला. "मी सिद्राम. बसू का?" सायकल नाही म्हणाली नाही. तो बसला. मागच्या चाकाची कुरडई झाली.

"सर, ही बसायची सायकल नाही, फिटनेसची आहे," टायवाला किंचाळला. "येताना वजन तरी करून यायचं!"

"बरं. आता नाही चुकणार."

आणि खरोखरच तो चुकला नाही. रविवारी ड्युटीच्या पूर्ण पोशाखात, बूट, पट्टा, काठी आणि डब्यासकट तो धान्याच्या आडतीत काट्यावर उभा राहिला. एकशे चार किलो. तिथून तो थेट नदाफचाचांकडे गेला. चाचांना त्याची दया आली. दिवा विसरून त्यांनी आतून एक काळी सायकल काढली. डबल दांडी, जाड स्पोक, रुंद टायर, दणकट कॅरियर. गिअर एकही नाही. किंमत मास्तरांनाही आवडली असती.

"गॅसच्या टाक्या वाहणाऱ्याची होती," चाचा म्हणाले. "क्विंटलभर ओझं हसत नेईल. त्याच्यावर असलं तर हावरेपणा करू नको, दोन खेपा कर. जन्मभर टिकेल."

"बरं. आता नाही चुकणार," सिद्राम म्हणाला, आणि सायकल हातात धरून चालत घरी आला.

सोमवारी नव्या शेडच्या गेटला केळीचे खांब बांधले होते. मालक सोवळं नेसून उभे होते, शेजारी परगावचे व्यापारी सहकुटुंब आले होते. सातला एक मिनिट कमी असताना रस्त्यावर काळी सायकल दिसली. कुठे कुरकुर नाही, कुठे खडखड नाही. वर सिद्राम. अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, बाकी काही नाही.

गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. व्यापाऱ्यांच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"सिद्राम," मालक दात-ओठ खात म्हणाले, "हे काय आहे?"

"क्विंटलभर आलोय, मालक. सायकल तेवढंच नेते. उरलेला सिद्राम घरी खुंटीवर आहे. दुसऱ्या खेपेला घेऊन येतो."

पाहुण्यांसमोर मालकांना ओरडताही येईना. ते हळूच म्हणाले, "जा. आणि पुन्हा येऊ नकोस."

"बरं," सिद्राम म्हणाला.

महानंदा दारातच वाट बघत होती. "काय झालं? वेळेवर पोचलात ना? नोकरीचं काय?"

सिद्रामने सायकल भिंतीला लावली आणि धोतराच्या जुन्या फडक्याने पुसायला घेतली.

"असा मालक मिळायला नशीब लागतं गं," तो म्हणाला. "आपली सायकल झिजेल म्हणून म्हणाले, पुन्हा येऊच नकोस."