साळिंदरबाईंचा मसुदा

रानात एकच तळं उरलं होतं, तेव्हाची गोष्ट. पाणवठ्यावर कोणी शिकार करायची नाही, असं सभेनं ठरवलं आणि कायदा लिहायचं काम साळिंदरबाईंकडे आलं. त्यांनी मसुदा केला आणि धावतच कोल्ह्याला गाठलं.

"कोल्होबा, यातून निसटून दाखवा."

कोल्हा खूश झाला. "पाणवठ्यावर नाही, येण्याच्या वाटेवर धरीन."

बाईंनी वाटही कायद्यात घातली.

"मग लांडग्याकडून मारवीन."

बाईंनी तेही घातलं. कोल्ह्याला चेव चढला. तो एकेक पळवाट सांगत गेला आणि बाई आनंदानं काटे खुळखुळवत ती बुजवत गेल्या. शेवटी कोल्ह्याला एकही सुचेना.

दुसऱ्या दिवशी ससा कोल्ह्याशेजारी निर्धास्त पाणी प्यायला. "एवढा पक्का कायदा केला तरी कोणी?"

कोल्ह्यानं सशावरची नजर पाण्याकडे वळवली. "मीच."