पायरीवर जरा टेकावं

एकदा काय झालं... आधी पांघरुणाची ओढाओढ थांबवा, मग सांगते. हं. तर डोंगरावर होतं रवळनाथाचं देऊळ. देवासमोर जमिनीत एक दगडी कासव. आपल्या देवळात आहे ना, तस्संच.

खाली गावात राहायची सगुणा. असेल सहा वर्षांची. तोंडात सदा एकच, ‘का?’ तिचा भाऊ गोंदू तीन वर्षांचा झाला, तरी बोलत नव्हता बरं का. ऐकू सगळं यायचं, पण तोंडातून चकार शब्द नाही. आई बिचारी झुरायची. म्हणायची, “एकदा ‘आई’ म्हणाला की मी भरून पावले.”

मग एका सोमवारी आई दोघांना देवळात घेऊन गेली. पाय धुतले, गोंदूला उचलून घंटा वाजवली आणि देवाला गाऱ्हाणं घातलं, “देवा, लेकराला वाचा दे.” निघताना पायरीवर टेकली न टेकली, की उठली. घरी चूल पेटवायची होती ना!

सगुणा म्हणाली, “आई, पायरीवर का टेकायचं?”

“टेकायचं म्हणून टेकायचं! देवळात प्रश्न विचारू नयेत.”

मग दुसऱ्या सोमवारी बाबा घेऊन गेले. तेच गाऱ्हाणं, तीच घाई. गुरं सोडायची होती. “बाबा, का टेकायचं?”

“गप गं, किती चुरूचुरू बोलतेस!”

तिसऱ्या सोमवारी गेली आत्या. टेकली, पदर झटकला, उठली. पण सगुणा उठेचना! म्हणाली, “कुणी सांगत नाही ना? मग मी बसूनच बघते.” गोंदूलाही तिने शेजारी बसवून घेतलं.

“बस हो बाई, बघू किती दम निघतो ते,” असं म्हणून आत्या खांबाला टेकली आणि तिथेच पेंगली.

सगुणा बसली. ऊन पायरीवरून खाली उतरलं. पायांना मुंग्या आल्या. उठावंसं फार वाटलं, पण उठली नाही हो पोर. मग मागून आवाज आला, खर्र... खर्र... वळून बघते तर काय! दगडी कासव चालत येतंय!

“बसलीस होय अजून? बाई गं!” कासव धापा टाकत म्हणालं. “अगं, तुमचं गाऱ्हाणं पाठीवर घेऊन मीच जातो देवापाशी. उत्तर घेऊन येतो, तर पायरी रिकामी. दोन सोमवार हेच झालं. म्हणून टेकायचं असतं!”

“मग देव काय म्हणाला?”

“म्हणाला, पोराच्या पोटात शब्द आहेत ढीगभर. पण येतात कासवासारखे, हळूहळू. तो तोंड उघडेस्तोवर तुम्हीच बोलून मोकळे. तहान लागली? घे पाणी. भूक लागली? घे भात. त्याच्यासाठी थांबतंय कोण?”

सगुणाला फार वाईट वाटलं. सगळ्यांत जास्त तर तीच बोलायची! कासव आलं तसं खर्र खर्र जागेवर गेलं, आणि सगुणाने आत्याला हलवून उठवलं.

घरी आल्यावर गोंदूने पाण्याकडे बोट दाखवलं. आईने लगेच भांडं उचललं. सगुणाने तिचा हात धरला. “थांब आई. देवाने थांबायला सांगितलंय.” आणि तिने कासवाची सगळी हकिगत सांगितली.

मग आई बसली, बाबा बसले, आत्या बसली. सगळे गोंदूकडे बघत गप्प. चुलीवरचा भात लागला, तरी कुणी उठलं नाही. गोंदूने एकेकाचं तोंड बघितलं. त्याचे ओठ हलले. आणि काय म्हणाला, ठाऊक आहे? ‘आई’? छे! म्हणाला, “का?”

आईला रडू आवरेना. बाबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि सगळे का थांबलेत ते नीट सांगितलं. गप म्हणाले नाहीत. ‘आई’ आलं चार दिवसांनी, सावकाश. मग सगळे सुखात राहिले, तसे तुम्हीही राहा.

चला, मिटा डोळे. काय रे? का? अरे, कारण आता आजीला जरा टेकायचंय.