तेल न लावलेला माणूस

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या तेलाचा लौकिक असा, की ते अंगाला चोळले की डास जवळ फिरकत नसे. तेल नेण्यात पहिला नंबर कोणाचा? काथ्याच्या व्यापाऱ्याचा! आणि डासांची पैदास तरी कुठली? त्याच्याच खड्ड्यातली! काथ्यासाठी नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, खड्ड्यात कुजत घालायची, तर भरतीचे पाणी आतबाहेर खेळते ठेवायचे, ही जुनी रीत. या गृहस्थाने सोडणे वाहून जातात म्हणून बांध घालून खड्ड्याचे तोंडच बुजवले. पाणी साचले, डास माजले, आणि हा तेल चोळून झोपाळ्यावर बसून विचारी, "डास? कुठे आहेत डास?" संताप येईल नाही तर काय!

तिकडे सोडणे कुटणारी सगुणा तिसऱ्यांदा हिवतापाने अंथरुणाला खिळली. पोटात सातवा महिना. खड्ड्याचे तोंड उघडा म्हणून तिचा नवरा हात जोडून आला, तर व्यापाऱ्याने त्याला हाकलून दिले.

हे कळताच वैद्यांनी घरातले सारे तेल कुटणाऱ्या बायांच्या झोपड्यांत पोचवले. व्यापाऱ्याचा गडी भांडे घेऊन आला, त्याला रिकाम्या हाताने परत धाडले.

वैद्यांचा शिष्य गोंधळला. "गुरुजी, मागणाऱ्याला औषध नाकारणं हा वैद्याचा धर्म आहे का?"

वैद्य कडाडले, "धर्म मला शिकवतोस? अरे, या तेलानं डास मरतो का? तो माणसाच्या श्वासाचा, घामाचा वास हुंगत येतो. तेलाच्या दर्पात त्याला तो वास उमगत नाही, एवढंच. त्याची भूक कुठे जाते? तो शेजारच्या उघड्या अंगावर जाऊन बसतो. व्यापाऱ्याला चावायचे ते सगुणेला चावले रे! आणि ते तेल मी दिलं, माझ्या या हातांनी!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी व्यापारी स्वतःच आला. तोंड सुजलेले, मान खाजवून लाल. "वैद्यबुवा, गावात काय डास झालेत हो!"

"आज झाले?" वैद्य म्हणाले. "आधी खड्ड्याचं तोंड उघडा. तेल मग."

व्यापाऱ्याने मुकाट्याने माणसे लावून बांध फोडला. सगुणेचा ताप हटला, आणि पुढे ती सुखरूप बाळंतही झाली.

शिष्य मात्र तेव्हापासून तेल मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारू लागला, "तुमच्या शेजारी कोण राहतं?"